माथेरानचे भाई कोतवाल

मंडळी, आपल्या कर्जत तालुक्यात माथेरानचा डोंगर आहे. या डोंगरावर १ डिसेंबर १९१२ रोजी एक मुलगा जन्मला. त्याचे नाव विठ्ठल लक्ष्मण कोतवाल. पुढे लोक त्यांना प्रेमाने ‘भाई’ म्हणू लागले. तेव्हा आपल्या जिल्ह्याचे नाव कुलाबा होते. रायगड हे नाव १९८१ साली मिळाले.

भाईंचे घर नाभिकाचे. परिस्थिती गरिबीची. माथेरानला साहेबलोक आणि मुंबईचे शेठ हवा खायला येत. डोंगरावरची माणसं त्यांच्या सेवेत राबत. भाई मात्र शिकले आणि वकील झाले. शहरात राहून त्यांना पैसा कमावता आला असता. पण त्यांनी आपल्याच मुलखात काम धरले. माथेरानच्या नगरपालिकेत ते निवडून आले आणि उपाध्यक्षही झाले.

पहिले काम : अक्षर

त्या काळी खेड्यातला माणूस कागदावर अंगठा उठवी. कागदात काय लिहिलंय, ते सावकाराला ठाऊक आणि देवाला ठाऊक! एक हिशेब करून पाहू. श्रावणात घरचे भात संपले. कुळाने सावकाराकडून चार मण खावटी आणली. बोली झाली दिढीची. म्हणजे सुगीला सहा मण परत द्यायचे. चारावर दोन मण व्याज! हे झाले बोलीप्रमाणे. पण कागदावर चाराचे पाच लिहिले तर? मग साडेसात मण द्यावे लागणार. वाचता येत नाही, तर भांडणार कसं?

हे भाईंनी ओळखले. शेतकरी आणि आदिवासी शिकले पाहिजेत, असे त्यांनी ठरवले. त्यांनी खेड्यापाड्यांत स्वयंसेवी शाळा काढल्या. अशा ४२ शाळा सुरू झाल्या. आम्ही सारा जन्म शाळेत घालवला. एक शाळा नीट चालवायची तरी किती खटपट पडते, ते आम्हांला माहीत आहे. म्हणून या कामाची किंमत आम्हांला मोठी वाटते.

दुसरे काम : धान्य

पण रिकाम्या पोटी अक्षर शिकवून काय होणार? १९३९ साली दुसरे महायुद्ध सुरू झाले. धान्याची टंचाई आली. भाईंनी शेतकऱ्यांची संघटना बांधली आणि धान्यकोठ्या सुरू केल्या. ज्याच्याकडे भात आहे त्याने कोठीत घालावे. ज्याला नड आहे त्याने तिथून न्यावे. गाव एक झाले, तर सावकाराच्या दारात उभे राहावे लागत नाही, हे लोकांना दिसले.

तिसरे काम : लढा

८ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईला गवालिया टँक मैदानावर काँग्रेसने ‘छोडो भारत’चा ठराव केला. दुसऱ्या दिवशी पहाटे गांधीजींना पकडले. देशभर धरपकड झाली. भाई मात्र भूमिगत झाले, म्हणजे लपून राहून काम करू लागले. त्यांनी तरुणांचा एक ‘आझाद दस्ता’ उभा केला.

खोपोली आणि भिवपुरी ही गावं आपल्याला माहीत आहेतच. तिथे टाटांची वीजकेंद्रे आहेत. घाटावरच्या तलावांतले पाणी नळांतून खाली सोडतात. त्या जोरावर चक्रे फिरतात आणि वीज तयार होते. ती वीज उंच मनोऱ्यांवरच्या तारांतून मुंबईला जाई. तारा आपल्या रानावरून जात, पण झोपडीत दिवा रॉकेलचाच असे! मुंबईतल्या गिरण्या या विजेवर चालत. वीज बंद पडली तर इंग्रज सरकारची अडचण होईल, असा भाईंनी विचार केला. दस्त्याने रात्रीच्या वेळी अनेक मनोरे पाडले.

सरकार चिडले. भाईंना पकडून देणाऱ्यास इनाम लावले. दस्ता मुरबाड तालुक्यातल्या सिद्धगडाच्या जंगलात गेला. शेवटी पोलिसांना ठिकाण कळले. २ जानेवारी १९४३ रोजी पहाटे पोलिसांनी गोळीबार केला. भाई कोतवाल आणि त्यांचे सोबती हिराजी पाटील तिथे धारातीर्थी पडले. हिराजी आपल्या कर्जत तालुक्यातले, मानिवलीचे. भाईंचे वय अवघे तीस वर्षांचे होते. सिद्धगडावर त्यांचे स्मारक आहे. २ जानेवारीला लोक तिथे जमतात आणि हुतात्म्यांना वंदन करतात.

आपण काय घ्यावे?

कोणी म्हणेल, मग आपणही तारा तोडायच्या का? नाही. तेव्हाचे राज्य परक्यांचे होते. त्या राज्यात गरिबाला मत नव्हते. आज एकवीस नाही, अठरा वर्षे पुरी झाली की मत मिळते. आजची तार तोडली तर अंधार आपल्याच घरात होईल.

भाईंच्या मरणाची गोष्ट सगळे सांगतात. आम्ही म्हणतो, त्यांच्या जगण्याची गोष्ट आधी सांगा. बंदूक शेवटी आली. त्याआधी पाटी आली, धान्याची कोठी आली. सिद्धगडावर जाऊन मरणे सर्वांच्या वाट्याला येत नाही. पण कागद वाचल्याशिवाय सही करायची नाही, एवढे तर आपल्याला उद्यापासून करता येईल.

विचार करा आणि लिहा

१. सहा मण खावटी दिढीने आणली, तर सुगीला किती मण द्यावे लागेल?
२. भाईंनी लढ्याच्या आधी कोणती दोन कामे केली?
३. तुमच्या घरातला एखादा जुना कागद आणा. सातबारा, पावती, काहीही चालेल. तो वर्गात मोठ्याने वाचून दाखवा.