आधी भाकर, मग प्रश्न

आजचं वाचन : 1 राजे 19:1-18

हा अध्याय आपण बहुतेक वेळा शेवटाकडूनच वाचतो. वारा, भूकंप, अग्नी आणि मग ती मंद वाणी. संदेशही त्यावरच दिले जातात. मला आज पहिल्या आठ वचनांपाशी थांबायचंय. मनावर मोठा घाव बसलेल्या माणसाला सावरायचं कसं, हे तिथे फार साधेपणाने आलंय.

कर्मेल डोंगरावर एलीयाचा विजय झालाय, पाऊसही पडलाय. तेवढ्यात ईजबेल राणीचा निरोप येतो की उद्या या वेळेपर्यंत तुझा जीव घेते. इतका धीट माणूस पळत सुटतो. बैर-शेब्याला चाकराला मागे ठेवतो, एकटाच रानात दिवसभराची वाट चालतो आणि रतामाच्या झुडपाखाली बसून मरण मागतो. गंमत बघा, साडेचारशे बआलाच्या संदेष्ट्यांसमोर उभा असताना तो मोडला नाही. सगळं ओसरल्यावर मोडला. आपल्या गावातही असंच होतं. घरातला कर्ता माणूस गेला की पहिले दहा-बारा दिवस बाई खंबीर दिसते, आल्या-गेल्याला चहाही विचारते. पाहुणे गेले, अंगणातला मांडव निघाला, की मग तिला अंथरुणातून उठवत नाही. तोवर विचारणारं कोणी उरलेलं नसतं.

आता देव काय करतो ते पाहा. तो एलीयाला रागावत नाही, तुझा विश्वास कुठे गेला असं विचारत नाही. दूत येतो, त्याला हाताने स्पर्श करतो आणि खायला उठवतो. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि उशाशी पाणी. एलीया खातो आणि पुन्हा झोपतो. त्यावरही कोणी बोलत नाही. दूत दुसऱ्यांदा येतो, पुन्हा तेच, आणि वर सांगतो की वाट तुझ्या ताकदीपेक्षा मोठी आहे. ‘तू इथे काय करतोस?’ या अर्थाचा प्रश्न येतो तो चाळीस दिवसांनी, होरेबच्या गुहेत.

आमच्या कामात सर्व्हर बंद पडला की आधी तो चालू करतात; का पडला याची मीटिंग नंतर. रात्री दोन वाजता कारण शोधत बसणाऱ्याला कोणी शहाणा म्हणत नाही. दुःखी माणसाच्या बाबतीत मात्र आपण नेमकं उलट करतो. भेटायला येणारा प्रत्येक जण ओट्यावर टेकतो आणि विचारतो, “कसं झालं हो सगळं?” त्या माऊलीने तीच गोष्ट दिवसात पंधरा वेळा सांगायची. मग कोणीतरी म्हणतं, देवाची इच्छा. जागतिक आरोग्य संघटनेने 2011 मध्ये मानसिक प्रथमोपचाराची पुस्तिका काढली. तिच्यात सांगितलंय की घडलेलं सांगायला भाग पाडू नका. आधी बघा काय हवंय, तो बोलला तर ऐका, आणि त्याला त्याच्या माणसांशी, मदतीशी जोडून द्या. ईयोबाचे मित्रही सात दिवस सात रात्री गप्प बसले तोवर चांगलेच होते. बिघडलं ते तोंड उघडल्यावर.

हे सगळं मोठ्या प्रमाणावर करून दाखवलेली जागा आमच्या शेजारीच आहे. वडगाव रासाईहून भीमा ओलांडली की दौंड तालुका, आणि तिथे रेल्वे लाईनवर केडगाव. पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन म्हटलं की आपल्याला बायबलचं भाषांतर आठवतं. पण त्याआधीची गोष्ट दुष्काळाची आहे. 1896-97 च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे 300 मुली-बायकांना घेऊन आल्या. या मुली उपाशी, आजारी होत्या, आणि भुकेच्या जोडीला त्यांनी माणसांचं वाईट वागणंही पाहिलं होतं.

रमाबाईंना भूक पुस्तकातून कळलेली नव्हती. त्या सोळा-सतरा वर्षांच्या असताना दुष्काळात वडील अनंतशास्त्री गेले, पाठोपाठ आई, मग थोरली बहीण. 1880 मध्ये भाऊ गेला, 1882 मध्ये नवरा. पदरात लहानगी मनोरमा. त्या दुष्काळी भागात गेल्या त्या स्वतःची उपासमार आठवूनच, पण मधे वीसेक वर्षं गेली होती, हेही लक्षात ठेवावं. ‘तुझ्या दुःखातून इतरांची सेवा कर’ असं आपण माणसाला चौथ्याच महिन्यात सांगायला लागतो.

केडगावात त्या मुलींना आधी अन्न, कपडे, औषध मिळालं. शारदा सदनात शिकून तयार झालेल्या बायकांनी या नव्या मुलींना शिकवायचं, सांभाळायचं काम घेतलं. म्हणजे स्वतः विधवापण भोगलेलं माणूस शेजारी होतं. आणि मग हाताला काम. शेती, गाईगुरं, विणकाम, तेलाचा घाणा, छापखाना. 1900 च्या सुमारास तिथे दीड हजाराच्या घरात माणसं होती. प्रार्थना होतीच, पण ती दिवसाच्या वेळापत्रकात होती, जेवणाच्या जागी नव्हती. मला यातलं कामाचं महत्त्व फार वाटतं. गाईला ठरल्या वेळी चारा लागतो. तिला तुमचं मन कसं आहे याच्याशी देणंघेणं नसतं, आणि त्यामुळेच ती माणसाला पहाटे उठवते.

1921 मध्ये मनोरमाही गेली. रमाबाईंनी भाषांतराचं काम सोडलं नाही. एप्रिल 1922 मध्ये त्यांचं निधन झालं, तोवर ते चालू होतं.

आज आपल्या शिरूर तालुक्यात बिबट्याच्या हल्ल्यांत मुलं गेली आहेत. रात्रीची थ्री-फेज लाईट आली की उसाला पाणी द्यायला जावंच लागतं, तेव्हा इथली भीती खोटी नाही. पोराला ‘घाबरतोस काय’ म्हणणं हा मूर्खपणा आहे. उसात त्याला पाठवूच नका. पण दार बंद असताना, घरातच ते रात्रभर दचकत असेल, तर त्याच्याजवळ झोपा. जेवण-झोपेच्या वेळा पाळा. टीव्हीवर, मोबाईलवर त्या घटनेचे व्हिडिओ पुन्हा पुन्हा लावू नका. शाळा लवकर सुरू करा, पहिले काही दिवस सोबत जा. त्याला बोलायचं असेल तर बोलू द्या, तेच तेच बोललं तरी. एलीयानेही होरेबवर तीच तक्रार, त्याच शब्दांत, दोनदा सांगितली आणि देवाने दोन्ही वेळा ऐकून घेतली.

महिना उलटून गेला तरी झोप नाही, अन्नावर वासना नाही, तेच दृश्य डोळ्यांपुढे येतंय, असं असेल तर डॉक्टरकडे न्या. ज्याच्या तोंडी मरणाची भाषा आली असेल त्याला एकटं सोडू नका, आणि त्याच्यासाठी महिनाभर थांबूही नका. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची सोय असते. टेलिमानस ही सरकारी सेवा 14416 या नंबरवर रात्रंदिवस चालते आणि मराठीत बोलता येतं. गोळ्या घेणं म्हणजे विश्वास कमी असं सांगणारे आपल्या मंडळीत भेटतात. त्यांना पाचवं आणि सहावं वचन मोठ्याने वाचायला लावा. देवदूताने भाकर भाजून आणली. विश्वासात कमी पडलास असं म्हटलं नाही.

एलीयाला शेवटी काम मिळतं, आणि आपण एकटेच उरलो हा त्याचा समजही देव दुरुस्त करतो: अजून सात हजार आहेत. पण सात हजार म्हणजे नुसता आकडा. त्याच्याबरोबर चालायला अलीशा नावाचा एकच माणूस येतो, तोही बारा जोड्या बैलांच्या नांगरणीतून उठून.

उद्याचं वाचन : 1 राजे 19:19-21