भूगोलपाठ : कासाब्लांका बंदराची सफर

इयत्ता : सातवी. साहित्य : आफ्रिकेचा नकाशा, परातभर पाणी, विटांचे तुकडे, कागदी होड्या.

हेतू : ‘दंतुर किनारा तेथे उत्तम बंदर’ हा नियम मुले घोकतात. तो खोटा नाही, पण अपुरा आहे. निसर्गाने जे दिले नाही ते मनुष्य श्रमाने कसे उभारतो, हे मुलांना कळावे.

पूर्वतयारी : मुंबईचे बंदर खवळलेल्या समुद्रापासून कशामुळे सुरक्षित राहते, हे मुलांकडून काढून घ्यावे. नंतर मोरोक्कोचा अटलांटिक किनारा दाखवून तेथे मोठे बंदर होईल काय, असे विचारावे. ‘होणार नाही’ असे उत्तर बहुधा येईल. ते फळ्यावर लिहून ठेवावे.

विषयविवेचन : येथे पूर्वी अन्फा नावाचे गाव होते. १७५५ च्या भूकंपात ते उद्ध्वस्त झाले. पुढे सुलतानाने ते पुन्हा वसविले. ‘कासाब्लांका’ म्हणजे पांढरे घर. ‘दार अल्-बैदा’ या अरबी नावाचाही अर्थ तोच.

विसाव्या शतकाच्या आरंभी जहाजे किनाऱ्यापासून दूर उभी राहत व माल पडावांतून आणावा लागे. १९१२ साली फ्रेंच अंमल सुरू झाल्यावर समुद्रात लाटा अडविणारा बांध घालण्यात आला. त्याची लांबी तीन किलोमीटरांहून अधिक झाली. परातीतील पाणी हाताने हलवून होड्या कशा डुलतात ते दाखवावे. मग विटांची तिरपी ओळ मांडून तिच्या आडचे पाणी मुलांना पाहू द्यावे.

बंदरामागोमाग रेल्वे, कारखाने व रुंद रस्ते आले. लहानशा नगरीची लोकसंख्या आज तीस लाखांवर गेली आहे. राजधानी मात्र रबात आहे, हे स्पष्ट करावे. काही अंशी समुद्रावरच बांधलेली, १९९३ साली पूर्ण झालेली हसन द्वितीय मशीद आणि तिचा सुमारे दोनशे मीटर उंच मिनार ही आजच्या शहराची खूण होय.

गोदीत व कारखान्यांत राबण्यासाठी खेड्यांतून आलेल्यांना मात्र पत्र्याच्या खोपट्यांत राहावे लागले. अशा वस्तीला फ्रेंच भाषेत ‘बिदोंव्हिल’, म्हणजे डब्यांचे गाव, म्हणतात. ही बाजू वगळू नये. ज्यांचे पालक मुंबई-पुण्यास कामावर आहेत, ती मुले हे लवकर जाणतील. त्यांना बोलते करावे. परंतु कोणाच्याही घराची वर्गात चर्चा होऊ देऊ नये.

उपयोजन : मोरोक्कोत फॉस्फेट खडकाचे विपुल साठे आहेत. खुरिब्गा येथील खाणीचा माल पूर्वी रेल्वेने कासाब्लांकास येई. आता त्याचा मोठा भाग नळवाहिनीने जोर्फ लास्फार बंदराकडे जातो. भारतातील खत कारखाने मोरोक्कोतून फॉस्फेट व फॉस्फोरिक आम्ल मागवितात. डीएपी खताचे रिकामे पोते वर्गात आणून त्यावरील ‘फॉस्फरस’ हा शब्द शोधावयास सांगावे. दूरदेशीचे बंदर आपल्या शिवाराशी कसे जोडलेले आहे, हे मुलांना मग वेगळे सांगावे लागत नाही.

संकलन : फळ्यावरील उत्तर शिक्षकाने पुसू नये. ते मुलांनीच दुरुस्त करावे आणि दुरुस्तीचे कारण स्वतःच्या शब्दांत वहीत लिहावे.