पिशवी कुणाच्या हातात जाते?

पालकहो, शाळेतून 'टाकाऊतून टिकाऊ'चा प्रकल्प आला की संध्याकाळी स्टेशनरीच्या दुकानात गर्दी होते. रंगीत कार्डशीट, चमकी, गोंदाची नवी बाटली. कधी तर रिकामी बाटली हवी म्हणून भरलेलीच आणून ओतून दिली जाते. प्रदर्शन संपलं की ते सगळं कचऱ्यात जातं, आणि गोंद-चमकी थापलेल्या त्या बाटलीला भंगारवालाही हात लावत नाही. मुलांनी ते मन लावून केलेलं असतं, म्हणूनच मला जास्त वाईट वाटतं. कचऱ्याबद्दल मुलांना काही शिकवायचं असेल, तर सुरुवात रोज सकाळी कचरा न्यायला आपल्या दारात येणाऱ्या ताईंपासून करूया.

पुण्यात कचरावेचकांनी 1993 साली 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' ही संघटना उभी केली. कष्टकऱ्यांचे नेते डॉ. बाबा आढाव त्यांच्या पाठीशी होते. तिच्यातूनच पुढे 'स्वच्छ' ही कचरावेचकांच्या स्वतःच्या मालकीची सहकारी संस्था आली आणि महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा गोळा करू लागली. या कामात बहुसंख्य बायकाच आहेत. घरटी मिळणाऱ्या महिन्याच्या पैशांखेरीज सुका माल विकून जे येतं, ती त्यांची कमाई. हे मुलांना नीट समजावून सांगा. काल रात्रीची आमटी वर्तमानपत्रांवर सांडली, तर त्या रद्दीचा भाव गेला आणि तो ताईंच्या खिशातून गेला. दहा वर्षांच्या मुलाला हा हिशेब लगेच कळतो. 'पर्यावरण वाचवा' असं कितीही सांगा, त्याचा एवढा परिणाम होत नाही.

तुमच्यापैकी ज्यांच्या घरी तान्हं बाळ आहे, त्यांच्याशी थोडं जास्त बोलायचं आहे. 2016 च्या घनकचरा नियमांनीच ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन भाग वेगळे ठेवायला सांगितले होते. डायपर आणि सॅनिटरी पॅड नीट गुंडाळून द्यावेत, असंही त्यात होतं. तरीही ते उघडे, कधी ओल्या कचऱ्यात, कधी सुक्यात येतात. मग कुणीतरी हाताने ते वेगळे काढतं. आपल्या बाळाची शी आपण हातमोज्याशिवाय साफ करतो, ती माया असते. दुसऱ्याच्या आईने शंभर घरांची का करावी? 'स्वच्छ'च्या ताईंनी यावर साधा उपाय सुचवला: वर्तमानपत्रात घट्ट गुंडाळा आणि वर लाल ठिपका काढा. लाल ठिपका दिसला की पुडी उघडायची नाही, हे कळतं. घरात लाल स्केचपेन असतंच. ठिपका काढायचं काम मोठ्या भावंडाला द्या, आणि तो का काढायचा हे न लाजता सांगा. मुलींना सांगा, मुलग्यांनाही सांगा.

दुधाच्या पिशवीचंही तसंच. कोपरा पूर्ण कापून टाकला की तो इवलासा तुकडा कुणाच्याच हाती लागत नाही, गटारात जातो. चीर द्या, पण तुकडा पिशवीलाच राहू द्या. पिशवी विसळून वाळवली की तिला भाव येतो. वेफर्सच्या पाकिटाचं मात्र काही होत नाही. प्लॅस्टिक आणि चंदेरी थर एकमेकांना असे चिकटवलेले असतात की ते सुटे करणं परवडत नाही, म्हणून भंगारात त्याला कुणी विचारत नाही. मूल दुकानात हट्ट करील तेव्हा त्याला हे माहीत असलेलं बरं. डब्यात चिवडा, दाणे, लाडू देणं आपल्या हातात आहे.

'आम्ही वेगळं करतो, पण पुढे सगळं एकत्रच होतं,' असं पुष्कळ पालक म्हणतात. काही ठिकाणी ते खरं आहे, आणि तिथे आपण सगळ्यांनी मिळून विचारायलाच हवं. पण सिंधुदुर्गातल्या वेंगुर्ल्याकडे पाहा. छोटं गाव. नगरपरिषदेने घराघरांतून वेगवेगळा कचरा घ्यायला सुरुवात केली, ओल्याचा गॅस आणि खत केलं, प्लॅस्टिक बारीक करून रस्त्यांच्या डांबरात वापरलं. जिथे पूर्वी कचऱ्याचे ढीग होते, ती जागा आता लोक मुलांना घेऊन पाहायला जातात. जमलं तर कोकणच्या सहलीत तुम्हीही जा.

आणखी एक काम आपल्या सोसायटीत, वाड्यात, वस्तीत सहज होण्यासारखं आहे: पाठ्यपुस्तकं. पुण्यात अप्पा बळवंत चौकात जुनी पुस्तकं घ्यायला पिढ्यान्‌पिढ्या मुलं गेली. मधल्या काळात बालभारतीच्या पुस्तकांत नोंदींसाठी कोरी पानं आली, मुलांनी त्यांवर लिहिलं आणि ती पुस्तकं पुढच्या मुलाच्या कामाची राहिली नाहीत. आता ती पानं काढून टाकली आहेत. तेव्हा जूनमध्येच पुस्तकांना कव्हर घाला आणि खुणा पेन्सिलीने करायला सांगा. निकाल लागला की एका रविवारी जिन्याखाली किंवा पार्किंगमध्ये टेबलं मांडा. कंपास, दप्तर, लहान झालेला गणवेश, रेनकोट, सायकल, सगळं ठेवा. मांडणी आणि नोंद सातवी-आठवीच्या मुलांकडे द्या, ती उत्तम करतात. पैसे ठेवू नका. कोण काय घेतं इकडे मोठ्यांनी पाहत बसू नका, म्हणजे गरजू माणसाला संकोच होणार नाही.

कपडे देताना बटणं, चेन, शिवण आधी तपासा. विटलेले, फाटके त्या टेबलावर नकोत. त्यांची पायपुसणी होतात, आजी असेल तर गोधडीही होते. चांगल्या साड्या-शर्टांवर भांडी देणारी बोहारीण अजून कुठे कुठे दारावर येते. आली तर तिला परत पाठवू नका. आणि दिवाळीच्या आवराआवरीत जे उरेल, बंद पडलेला मिक्सर, जुने चार्जर, तुटकी खेळणी, ते कचऱ्याच्या बादलीत लोटण्याआधी ताईंना विचारा. त्यांच्या संस्थेचं जुन्या वस्तूंचं संकलन कधी आणि कुठे आहे, ते त्यांना माहीत असतं. विचारायला मुलालाच पाठवा, आणि त्याआधी त्यांचं नाव काय, तेही त्यालाच विचारून येऊ दे.