मालगाडीत फक्त मालच

काटोलच्या बाजारात कापडाच्या गाठी आणि संत्र्याच्या पेट्या वाहणारे छोटा हत्ती, पिकअप रोज दिसतात. व्यापारी बांधवांनी त्यांचे नियम ध्यानात ठेवावेत.

१) एकूण वजन साडेसात टनांपर्यंत असलेल्या गाडीस हलक्या वाहनाचे लायसन्स पुरते. सर्वोच्च न्यायालयाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी हे कायम केले.

२) एकूण वजन तीन टनांपर्यंत असल्यास परमिट लागत नाही. फिटनेस मात्र आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी करावे लागते.

३) जादा वजनास २०१९ च्या दुरुस्तीनुसार २०,००० रुपये दंड, शिवाय प्रत्येक जादा टनास २,००० रुपये.

४) मागे माणसे बसवू नयेत. १९९४ च्या दुरुस्तीने मालाचा मालक किंवा त्याचा प्रतिनिधी विम्यात आला. फुकट अथवा भाड्याने बसलेला प्रवासी नाही. सर्वोच्च न्यायालयाचे २००२ व २००४ चे निकाल तेच सांगतात. अपघात झाल्यास भरपाई शेवटी गाडीमालकावर येते.

परतताना ओळखीच्यांना मागे बसवण्याची सवय आम्हालाही होती. नाही म्हणणे जड जाते. पण त्या मुरवतीपायी कुणाचा जीव आणि आपले दुकान, दोन्ही जाऊ शकतात. विम्याचा कागद आजच वाचून घ्यावा.