बलामाची गाढवी आणि आमच्या झुंजी

शास्त्रपाठ : गणना 22:21-35
सोबत वाचा : अनुवाद 25:4, नीतिसूत्रे 12:10, योना 4:11, लूक 13:15, 1 करिंथ 9:9-10

शब्बाथशाळेत बलामाचा पाठ आला की वर्गात हशा पिकतो. बोलणारी गाढवी मुलांना फार आवडते. मुरगाव तालुक्यातील आमच्या लहानशा मंडळीत हा पाठ चालू असता एका मुलाने विचारले, "सर, धिरयोतल्या बैलाला बोलता आले असते, तर तो काय म्हणाला असता?" वर्ग हसला, पण आम्हांला हसू आले नाही. आदल्याच आठवड्यात कापणी झालेल्या एका शेतात, गर्दीत उभे राहून, आम्ही धिरयो पाहिली होती. पैज लावली नव्हती एवढेच. हरलेल्या बैलाच्या मानेतून रक्त वाहत होते आणि इतरांबरोबर आम्हीही ओरडत होतो. त्या मुलाला त्या दिवशी उत्तर देता आले नाही. हा पाठ त्या उत्तराच्या शोधात लिहिला आहे.

1. आंधळा कोण होता?

बलाम द्रष्टा म्हणून प्रसिद्ध होता. बालाक राजाचे सरदार त्याच्याकडे दक्षिणा घेऊन आले, मग मोठ्या सन्मानाचे वचन घेऊन पुन्हा आले. तो निघाला तेव्हा त्याच्या मनात काय होते हे ओळखणे अवघड नाही. वाटेत परमेश्वराचा दूत तलवार उपसून उभा राहिला. तो दिसला गाढवीला. द्रष्ट्याला दिसला नाही. ती पहिल्यांदा शेतात वळली, दुसऱ्यांदा कुंपणाच्या भिंतीला घासली, तिसऱ्यांदा खालीच बसली. तिन्ही वेळा तिने मार खाल्ला.

बलाम एवढा का चिडला, याचे कारण 29व्या वचनात आहे. तिने आपली फजिती केली असे त्याला वाटले. इजेपेक्षा अपमान त्याला अधिक झोंबला. हाती तलवार असती तर तिला मारून टाकले असते, असे तो म्हणाला. आणि खरी तलवार तर त्याच्याच समोर उपसलेली होती! पुढे दूताचा पहिला प्रश्न काय आहे तो पाहा. गाढवीला तीनदा का मारलेस, हाच तो प्रश्न. ती वळली नसती तर तुला मारून तिला जिवंत ठेवले असते, असेही त्याने सांगितले. देवाच्या हिशेबात त्या मुक्या जनावराला जागा होती.

ह्यावरून एक गोष्ट ध्यानात येते. बक्षीस आणि मान यांच्यावर डोळा खिळला की माणसाला जनावराचे दुःख दिसेनासे होते. मग त्याचे दुखणे त्याला हट्टीपणा वाटते.

2. शिकवलेले मौन

अमेरिकेतील टेनेसी राज्यात 'टेनेसी वॉकिंग हॉर्स' नावाची घोड्यांची जात आहे. तिची जन्मजात चाल मऊ व लांब पल्ल्याची असते. स्वाराला धक्के बसत नाहीत. शेल्बीव्हिल गावी 1939 पासून ह्या घोड्यांची मोठी स्पर्धा भरते. पुढे परीक्षकांना व प्रेक्षकांना पुढचे पाय खूप उंच उचलणारी चाल आवडू लागली. ती लवकर साधावी म्हणून काही जण घोड्याच्या पुढच्या पायांना, खुरांच्या वर, आग करणारी रसायने चोळू लागले. त्यावर साखळ्या बांधीत आणि खुरांना जाड थरांचे नाल ठोकीत. पाय टेकला की वेदना होई, म्हणून घोडा तो झटकन वर उचली. आणि त्या उचलण्याला टाळ्या व पदके मिळत.

हे थांबवण्यासाठी तेथे 1970 साली कायदा झाला. तपासनीस घोड्याच्या पायांवर बोटांनी दाबून पाहू लागले. घोडा कळवळला तर तो बाद. मग काही शिक्षकांनी त्यावरही तोड काढली. सरावात पाय दाबायचा आणि घोडा हलला की त्याला मारायचे, म्हणजे तपासणीत तो दुखले तरी निश्चल उभा राही! 2006 साली तपासणीवरून एवढा वाद झाला की त्या वर्षी सर्वश्रेष्ठ घोड्याचा किताब कोणालाच दिला गेला नाही.

देवाने गाढवीचे तोंड उघडले. येथे माणसांनी घोड्याचे तोंड बंद केले. सर्वच घोडेवाले असे नव्हते; ह्या क्रूरतेविरुद्ध झटणारे घोडेप्रेमीही तेथेच होते. आपल्याकडेही तापीकाठच्या सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या सुमारास मोठा घोडेबाजार भरतो आणि घोड्याच्या चालीचे कौतुक होते. ते कौतुक पाप नव्हे. ती चाल त्याच्या अंगची आहे की वेदनेतून काढलेली आहे, हे विचारायला मात्र आपण शिकले पाहिजे.

3. आपल्या दाराशी

आता घरी येऊ. सासष्टी व मुरगावच्या किनारपट्टीवरील गावांत धिरयो ही जुनी आवड आहे. दोन बैल शिंगाला शिंग भिडवतात. जो पाठ फिरवून पळतो तो हरतो. एका झुंजीत माणसाचा जीव गेल्यानंतर प्रकरण न्यायालयात गेले आणि 1996-97 च्या सुमारास मुंबई उच्च न्यायालयाने गोव्यातील ह्या झुंजींना मनाई केली. जनावरांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा 1960 चा केंद्रीय कायदाही कलम 11 मध्ये जनावरांना झुंजवणे हा गुन्हा ठरवतो. तरी झुंजी लपूनछपून चालू राहिल्या. त्या कायदेशीर कराव्यात अशी मागणी विधानसभेत वेळोवेळी झाली. 2025 च्या पावसाळी अधिवेशनातही झाली.

महाराष्ट्रातील बैलगाडा शर्यतींचा इतिहास काहीसा वेगळा आहे. सर्वोच्च न्यायालयाने 7 मे 2014 रोजी त्या बंद केल्या. राज्याने 2017 साली कायद्यात दुरुस्ती केली, डिसेंबर 2021 मध्ये शर्यतींना परवानगी मिळाली आणि 18 मे 2023 रोजी घटनापीठाने ती दुरुस्ती वैध ठरवली. म्हणजे शर्यत नियमांत राहून चालू शकते. परंतु पराणी टोचणे, शेपटी पिरगाळणे, चाबकाने झोडपणे हे नियमात नाही आणि ख्रिस्ती मनुष्याच्या विवेकातही बसता कामा नये.

4. दोन आक्षेप

पहिला आक्षेप असा : "मालक बैलावर पोटच्या पोरासारखी माया करतो. त्याला उत्तम चारा घालतो, रोज न्हाऊ घालतो." हे खरे आहे आणि आम्ही ते पाहिले आहे. पण बलामाचीही ती नेहमीची, जन्मभर वापरलेली गाढवी होती. तिने त्याला तेवढेच विचारले : आजवर मी कधी अशी वागले का? माया खरी असेल तर ती झुंजीच्या दिवशीही टिकली पाहिजे. बैल वळून पळू लागतो तेव्हा तो आपल्या परीने बोलतच असतो. त्या वेळी त्याला पुन्हा रेटणे म्हणजे त्याचे न ऐकणे होय.

दुसरा आक्षेप शास्त्र जाणणाऱ्यांचा आहे. मळणीच्या बैलाला मुसके बांधू नये ह्या आज्ञेविषयी लिहिताना पौल विचारतो, देवाला बैलांचीच काळजी आहे काय? मग आपण का चिंता करावी? येथे पौलाचा युक्तिवाद नीट समजून घ्यावा. राबणाऱ्या बैलालाही चारा नाकारू नये, तर सुवार्तेसाठी राबणाऱ्याला कसा नाकारावा, असे तो सांगत आहे. बैलाविषयीची आज्ञाच पुसून टाकली तर त्याच्या बोलण्याचा पायाच निघून जातो. शिवाय निनवेवर दया करताना देवाने तेथील गुराढोरांचाही उल्लेख केला. आणि प्रभू येशूने सभास्थानाच्या अधिकाऱ्याला आठवण दिली की शब्बाथ दिवशीही प्रत्येक जण आपला बैल सोडून पाण्यावर नेतो. जनावराची तहान प्रभूला दृष्टांतापुरती ठाऊक नव्हती. ती त्याच्या गावातली रोजची गोष्ट होती.

5. आपण काय करावे?

मोठाल्या ठरावांची गरज नाही. प्रथम, आपण स्वतः झुंज पाहायला जाऊ नये, पैज लावू नये आणि झुंजीची चित्रफीत मोबाईलवरून पुढे पाठवू नये. पाहणारे नसतील तर झुंज कोणासाठी होईल? दुसरे, बैल पाळणाऱ्या शेजाऱ्याचा द्वेष करू नये. त्याच्या बैलाची चौकशी करावी, तो आजारी असल्यास पशुवैद्य आणायला मदत करावी. तिसरे, घरातील मुलांनी कुत्र्याला दगड मारला तर हसण्यावारी नेऊ नये. नीतिमान माणूस आपल्या जनावराची कदर करतो हे त्यांना तेथेच शिकवावे.

त्या मुलाला पुढच्या रविवारी आम्ही उत्तर दिले. आम्ही सांगितले, "बैल म्हणाला असता, तू तेथे उभा राहून ओरडत का होतास?" मग तेथे आम्हीही होतो हे वर्गासमोर कबूल केले. मुले गप्प झाली. एकाने हळूच विचारले, "सर, आता नाही ना जाणार?" आम्ही नाही म्हणालो. तो शब्द पाळण्यास प्रभू आम्हांला साहाय्य करो.

शिक्षकांसाठी प्रश्न

1. बलाम गाढवीवर का रागावला? आपल्याला असा राग कधी येतो?
2. दूताने बलामाला प्रथम काय विचारले? त्यावरून देवाविषयी काय कळते?
3. आपल्या गावात जनावरांच्या कोणत्या स्पर्धा होतात? त्यांत कौतुक कोठे संपते व क्रूरता कोठे सुरू होते?
4. ह्या आठवड्यात एका मुक्या प्राण्यासाठी आपण कोणते एक काम करू?