गहू सोडण्यापूर्वी

‘पोळी खाल्ली की पोट फुगते, डोके जड होते’ ही तक्रार घेऊन येणाऱ्या रुग्णाने गहू आधीच सोडलेला असल्यास निदान अवघड होते. सीलिअ‍ॅक रोगाची टीटीजी रक्तचाचणी व लहान आतड्याची बायोप्सी या आहारात ग्लुटेन असतानाच विश्वसनीय ठरतात. अन्यथा आजन्म पथ्य लागणारा रोग नजरेआड राहू शकतो. म्हणून प्रथम तपासणी, मग पथ्य.

सीलिअ‍ॅक वा गव्हाची अ‍ॅलर्जी नसूनही त्रास होतो, त्या अवस्थेस सीलिअ‍ॅकेतर ग्लुटेन संवेदनशीलता म्हणतात. तिची स्वतंत्र चाचणी नाही. दोषही नेहमी ग्लुटेनचाच असतो असे नाही. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या नॉर्वेतील ५९ जणांच्या अभ्यासात गव्हातील फ्रुक्टॅन या कर्बोदकाने ग्लुटेनपेक्षा अधिक त्रास दिला. कांदा-लसणातही फ्रुक्टॅन असते. पोळी सोडून लसणीच्या फोडणीचे पिठले खाणाऱ्यास आराम का पडत नाही, हे यावरून ध्यानी यावे.

तपासणीनंतर सहा आठवडे ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ यांवर राहून पाहावे. (भाकरीस पथ्य म्हणणे तसे विनोदीच!) बांधानी हिंगात बहुधा मैदा असतो, सातूच्या पिठात गहू, तेवढे जपावे. आराम पडल्यास आहारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली गहू पुन्हा सुरू करून खात्री करावी. सीलिअ‍ॅक नसलेल्या कित्येकांना एखादी पोळी सहज पचते.