सोलापूर ते मिरज : घोंगडी, भोपळा आणि तंबोरा

सोलापूरची चादर आणि मिरजेचा तंबोरा यांची कीर्ती महाराष्ट्राबाहेर दूरवर गेली आहे. या दोन शहरांमधील मुलूख मात्र बहुतेक प्रवाशांच्या खिडकीबाहेरून नुसता सरकून जातो. कुर्डुवाडी, पंढरपूर, सांगोला, ढालगाव, कवठे महांकाळ अशी ही वाट आहे. बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी १९२७ साली मिरजेपर्यंत पोहोचली. पुढे हा मार्ग रुंद झाला आणि प्रवास सोपा झाला. शाळांच्या अभ्यास-सहलींना याहून सोयीची वाट क्वचितच मिळेल. कारण वस्त्र आणि संगीत या दोन्ही परंपरांची मुळे येथे गावोगावी दृष्टीस पडतात.

सोलापूर हे आरंभस्थान. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात येथे कापड गिरणी उभी राहिली आणि तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी माग चालविले. भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या माळेवरून जेकार्ड मागाला नक्षीची आज्ञा कशी मिळते, हे विद्यार्थ्यांना अवश्य दाखवावे. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकनही लाभले आहे. तिच्याविषयी पुष्कळ लिहिले गेले असल्याने येथे अधिक विस्ताराची गरज नाही.

पंढरपूर ओलांडून सांगोल्याकडे निघाले की माळरान सुरू होते. पाऊस तुटपुंजा, जमीन हलकी. येथील खरे धन म्हणजे मेंढी. काळ्या, भरड लोकरीच्या दख्खनी मेंढीची कातरणी धनगर करतात, त्या लोकरीचे सूत बहुधा स्त्रिया कातून देतात आणि सणगर विणकर खड्डामागावर घोंगडी विणतात. ताण्याला चिंचोक्याची खळ देतात. त्यामुळे धागा ताठ राहतो. नवी घोंगडी अंगाला टोचते हे खरे. परंतु पावसात खोळ करून डोक्यावर घेतली की भर सरीतही मेंढपाळ उभा राहू शकतो. बिरोबाच्या पूजेत हीच घोंगडी आसन होते.

घोंगडीपासून धनगरी ओवी निराळी काढता येत नाही. ओवीत काही भाग गावयाचा, काही सांगावयाचा. मुख्य गायकाच्या मागे साथीदार धरतात आणि देवाची कथा रात्रभर चालते. गजीनृत्यात मोठ्या ढोलांच्या ठेक्यावर पुरुष फेर धरतात. कवठे महांकाळ तालुक्यातील आरेवाडीच्या बिरोबाच्या यात्रेत वस्त्र, वाद्य आणि गाणे ही तिन्ही एकत्र पाहावयास मिळतात.

या परंपरेपुढील अडचण गाण्यात नाही, लोकरीत आहे. मेंढी आता मांसासाठी पाळली जाते. जत तालुक्यातील माडग्याळ गावाच्या नावाने ओळखली जाणारी मेंढी वाढीला चांगली, पण तिच्या अंगावर लोकर बेताचीच. भरड लोकरीतून अनेक ठिकाणी कातरणीचा खर्चही निघत नाही. मेंढपाळाने फायद्याचे जनावर निवडले तर त्याला दोष कसा द्यावा? तथापि लोकर गोळा करून ठेवण्यास गावात एखादी कोरडी खोली मिळाली, तर सणगराला ती एकगठ्ठा घेता येते. ग्रामपंचायतीच्या आवाक्यातील ही गोष्ट आहे.

दुसरा कच्चा माल याहून अधिक दुर्लक्षित आहे. पंढरपूर-मंगळवेढा भागात तंबोऱ्यासाठी कडू भोपळा पिकविला जातो. तो खाण्याचा नव्हे. वेलावर असताना फळ एका कुशीवर दबून चपटे झाले, तर ते वाद्याच्या कामातून जाते. मोठा भोपळा खर्जाच्या पुरुषी तंबोऱ्याला, लहान भोपळा स्त्रियांच्या तंबोऱ्याला अथवा सतारीला. कारागीर लाकूड हवे तसे कापू शकतो. भोपळा मात्र शेतात जसा वाढला तसाच त्याला घ्यावा लागतो. कालव्याचे पाणी आले, ऊस वाढला, आणि अशा नाजूक पिकासाठी जमीन गुंतवावयास मोजकेच शेतकरी तयार असतात. २०२४ साली मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. त्याने नावाचे रक्षण झाले. भोपळ्याच्या शेताचे रक्षण त्यात येत नाही.

मिरजेत या भोपळ्याचे वाद्य होते. येथील कारागीर मूळचे शिकलगार, म्हणजे शस्त्रांना धार लावणारे. संस्थानी फौजांचे दिवस सरले आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फरीदसाहेब सतारमेकर यांनी वाद्यनिर्मितीची वाट दाखविली. गिऱ्हाईकही जवळच होते. पंडित बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे विष्णु दिगंबर पलुस्कर मिरजेतच शिकले. उस्ताद अब्दुल करीम खाँ यांचे येथे दीर्घकाळ वास्तव्य होते. १९३७ साली ते निवर्तले आणि ख्वाजा शमना मीरा यांच्या दर्ग्यात त्यांचे दफन झाले. उरुसात तेथे दरवर्षी संगीतसभा होते. वाद्यात खोट असेल तर ती सांगणारा कान गल्लीतच होता. मिरजेच्या नावलौकिकाचे हे एक मोठे कारण मानावे लागेल.

कार्यशाळेत वाळलेले भोपळे आढ्याला टांगलेले दिसतात. तूण लाकडाची दांडी, भोपळ्यावर बसविलेली तबली, खुंट्या, नक्षी हे सारे पाहून झाल्यावर जवारी लावण्याचे काम मात्र थांबून पाहावे. घोडीचा माथा कानसेने घासून तार त्यावर किंचित टेकेल असा उतार करतात. मग तार आणि घोडी यांच्यामध्ये साध्या सुताचा एक तुकडा घालून तो केसभर पुढे-मागे सरकवितात. दोरा जागेवर आला की तीच तार गुंजू लागते. कारागिराला आधी कळवून, लहान तुकड्या करून, प्रत्येक विद्यार्थ्याला तो दोरा एकदा स्वतः सरकवू द्यावा.